नऊ तास चवड्यांवर

काल भाचीच्या बारशासाठी वाळे घ्यायला एका मोठ्या सराफी शोरूममध्ये गेले होते. काउंटरपलीकडची मुलगी न कंटाळता ट्रेमागून ट्रे काढून दाखवत होती. दाखवता दाखवता एक वाळा निसटून खाली पडला. तो उचलायला मी काउंटरच्या कडेनं वाकले आणि तिचे पाय दिसले. डावा पाय बुटात, उजवा बाहेर. उजवी टाच मागून सोललेली, त्यावर लावलेली पट्टी सुटून कडेला गोळा झालेली, करंगळीवर कुरूप. तेवढ्यात फ्लोअर मॅनेजर आला. खाली न बघता आणि चेहऱ्यावरचं हसू जराही न हलवता तिनं तो पाय पुन्हा बुटात सारला. काळे, टोकदार, अडीच-तीन इंची हील.

"किती वाजता आलीस गं?"
"साडेदहाला, मॅम. साडेआठला सुटेन."
"मधे बसायला मिळतं का?"
"जेवताना."

रात्रभर ते पाय डोळ्यांसमोरून हलले नाहीत. म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

आधी एक सांगते, मला हील्स मनापासून आवडतात. माझी उंची चार फूट अकरा. पहिली हील घेतली ती मावसबहिणीच्या लग्नाला, वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर घासाघीस करून. सोनेरी पट्ट्यांची, अडीच इंची. त्या दिवशी पैठणीच्या निऱ्या पहिल्यांदा जमिनीवर लोळल्या नाहीत. फोटोच्या वेळी "तू पुढे ये, दिसत नाहीस" असं कुणी म्हणालं नाही. पाठ आपोआप ताठ झाली, समोरच्याशी बोलताना मान वर करावी लागली नाही. हा आनंद खरा आहे आणि तो कुणी हिणवू नये. "दुखतं तर घालता कशाला?" असं विचारणाऱ्यांचं मला पटत नाही. लग्नात तीन तास घालतो, मांडवात जाताना काढून ठेवतो, थकलो की खुर्ची ओढून बसतो. काढायची मुभा असते, म्हणून ती हील सुखाची असते.

ड्युटीवरची हील वेगळी. मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलात मी सहा वर्षं रिसेप्शनवर होते. मुलींसाठी नियम असा: काळे कोर्ट शूज (बोटं झाकणारे, वरून उघडे बूट), हील किमान दोन इंच. लॉबीत संगमरवरी फरशी. डेस्कमागे खुर्ची नाही, कारण पाहुण्यासमोर बसलेलं दिसायचं नाही. शिफ्ट नऊ तासांची, आणि रिलिव्हर उशिरा आली तर दहा-अकरा. आम्हा सगळ्यांच्या लॉकरमध्ये रबरी स्लिपर असायची. ती विसरले त्या दिवशी लोकलमध्ये सीट मिळाल्या मिळाल्या बूट काढायचे आणि डोंबिवली आली की पाय परत आत जायचे नाहीत, इतके सुजलेले. दुसऱ्या पावसाळ्यात उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. आई काही बोलायची नाही. मी दारात दिसले की कोमट पाण्यात मीठ घालून टब पुढे सरकवायची.

साध्या चपलेत उभं राहिलं की वजनाचा मोठा भाग टाचेवर येतो. हील चढली की ते वजन पुढे चवड्यावर घसरतं आणि बुटाचं टोक निमुळतं असेल तर बोटं त्यात कोंबली जातात. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येणं, बोटांमधली नस दबून चटके बसणं, हे सगळं तिथून सुरू होतं. गुडघाही सुटत नाही. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात, हील घालून चालताना गुडघ्यावरचा ताण अनवाणी चालण्यापेक्षा सरासरी २३ टक्के वाढलेला आढळला होता.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते पोटरीनं. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला हील्सचा त्रास कमी वाटायला लागला. उलट सुट्टीच्या दिवशी घरात अनवाणी चाललं की पोटऱ्या ओढल्या जायच्या आणि बूट घातले की बरं वाटायचं. मी सगळ्यांना सांगायचे, "झाली सवय!" नव्या मुलींनाही तेच: "महिनाभर सोस, मग काही वाटत नाही." खूप नंतर २०१० सालचा एक अभ्यास वाचनात आला. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ पाच सेंटिमीटर किंवा त्याहून उंच हील नियमित घालणाऱ्या बायकांच्या पोटरीतले स्नायूतंतू सरासरी १३ टक्के आखूड झाले होते आणि टाचेमागची शीर जाड, ताठर झाली होती. म्हणून पाय सपाट टेकला की ओढ बसायची. पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच. म्हणजे आमचा नियमच. मी जिला सवय म्हणत होते, ती माझी पोटरी आखडत होती.

आता जे सांगायचं टाळत आलेय ते लिहिते. चौथ्या वर्षी मी शिफ्ट इन-चार्ज झाले. जुलै महिना होता. आमच्यातली एक मुलगी स्टेशनबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर पाय मुरगळून पडली होती, घोटा टम्म सुजला होता. ती सपाट काळे बूट घालून ब्रीफिंगला आली. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "हे ग्रूमिंगमध्ये बसत नाही. बदलून ये."
"मॅडम, फक्त आजचा दिवस."
"नियम सगळ्यांना सारखा."
ती गेली, बदलून आली. तो दिवस तिनं डेस्कची कड धरून काढला. दोन महिन्यांनी नोकरी सोडली. मी तिची माफी मागितली नाही. त्या वेळी मनात एकच होतं, आम्ही नाही का काढले दिवस? सासूनं सोसलं म्हणून सुनेनंही सोसायचं, तसंच. हे वाचत असशील तर तुझी मनापासून माफी मागते. माझं चुकलं.

"प्रोफेशनल दिसायला हील लागते" हे मी तेव्हा गृहीत धरलं होतं. हील मुळात इराणी घोडेस्वारांची. रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून ती टाच होती. युरोपात ती आधी पुरुषांनी मिरवली, फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालायचा. घोड्यावर बसणाऱ्यांसाठी केलेली वस्तू आपण दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींच्या पायात सक्तीनं घातली आहे.

बाहेर यावर बोलणं झालंय. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाच्या रिसेप्शनिस्टला पहिल्याच दिवशी सपाट बूट घातले म्हणून बिनपगारी घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखांच्या वर सह्या झाल्या आणि २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावानं हीलच्या सक्तीविरुद्ध मोहीम उभी केली. पण मला जवळचं वाटतं ते कोळिकोडचं. तिथल्या कापड दुकानांतल्या बायका बसायच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. २०१८ मध्ये केरळनं कायदा बदलून दुकानात बसायची सोय बंधनकारक केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तेच केलं. मोठमोठ्या मागण्या नाहीत, मागितलं काय तर एक स्टूल. महाराष्ट्रातल्या शोरूममधल्या मुलींच्या बाजूनं ही मागणी आपण लावून धरायला हवी.

कुणी म्हणेल, पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना ते आवडतं. मी आता नाशिकमध्ये एका लहान हॉटेलात ड्युट्या लावते. गेल्या दिवाळीपासून आमच्याकडे नियम एवढाच: बूट काळे, बंद, स्वच्छ. टाच किती ते जिचं तिनं ठरवावं. डेस्कमागे दोन उंच स्टुलं ठेवली आहेत, कुणी नसलं की टेकता येतं आणि बसूनही पाहुण्याच्या नजरेला नजर देता येते. आजवर एकाही पाहुण्याची तक्रार नाही. एक मुलगी अजूनही तीन इंची हील घालून येते, स्वतःच्या हौसेनं, आणि छान दिसते. पाय भरून आले की ड्रॉवरखालचे सपाट बूट काढते.

काल निघताना मी त्या मॅनेजरला भेटले. मुलीचा उल्लेख केला नाही, उगाच तिच्यावर यायला नको. एवढंच म्हटलं, "तुमच्या स्टाफसाठी काउंटरमागे स्टुलं ठेवा, आणि बूट सपाट चालतील असं सांगा. आम्ही सोनं बघायला येतो, त्यांच्या टाचा बघायला नाही." तो म्हणाला, "मालकांच्या कानावर घालतो." वाळ्यांना घुंगरू लावून शनिवारी मिळणार आहेत. संध्याकाळी पाचला जाईन तेव्हा मालकांना स्वतः भेटणार आहे. एकटीपेक्षा चार-पाच गिऱ्हाईक बायका समोर उभ्या राहिल्या तर लवकर ऐकलं जाईल. नाशिकमधल्या कुणाला बरोबर यायचं असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, दुकान कुठलं ते तिथे सांगते.