वाय वनशी भांडण

गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, आणि आमची गॅलरी नेमकी नदीच्या अंगाला. त्यात चिरंजीव स्वतःच पथकात, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही. एका रात्री मी वैतागून म्हणालो, "या दणदणाटाला काही सूर आहे का?" तर म्हणतो, "बाबा, काढा की हिशोब. तुम्ही कॉम्प्युटरवाले."

काढतो म्हणालो. ढोलाचं पान म्हणजे ताणलेलं गोल कातडं, त्याचं कंपन गणितातल्या बेसेल फंक्शनने मांडतात आणि सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मॅथ लायब्ररीत ती आयती मिळतात: जे झीरो, जे वन, वाय झीरो, वाय वन. दहा मिनिटांचं काम.

कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा, म्हणाला, जे झीरो सापडत नाही. बरोबर, मायनस एलएम (मॅथ लायब्ररी जोड, ही कंपायलरला सूचना) राहिलं होतं. ते सगळ्यांत आधी लावलं, तरी तेच. पंगतीत मीठ आधी वाढतात, इथे फाइलचं नाव येऊन गेल्यावर वाढायचं!

मग वाय वन. आलेखाचे कोपरे मी वरतीच, सगळ्या प्रोग्रॅमला दिसतील असे, एक्स वन, वाय वन, एक्स टू, वाय टू नावांनी ठेवले होते. बाकी तिघे गप्प, वाय वनवर मात्र कंपायलर खवळला: या नावाचं कुणीतरी आधीच राहतंय. सीच्या प्रमाणग्रंथात ही नावं नाहीतच. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आलेली भाडेकरू मंडळी, पण हक्क पेठेतल्या पागडीवाल्यासारखा. निघा म्हणायची सोय नाही.

आणि गंमत म्हणजे हे वायवालं घराणं मला लागतच नव्हतं. शून्यापाशी ते उणे अनंतात जातं, म्हणजे पानाच्या मधोमध विहीर! मी तासभर भांडलो ते नको असलेल्या पाहुण्याशी. शेवटी माझ्याच वाय वनचं नाव बदललं.

रात्री साडेअकराला आकडे आले. जे झीरो पहिल्यांदा शून्य होतं 2.4048ला, जे वन (सुरुवातीचं शून्य सोडून) 3.8317ला. या आकड्यांवरूनच पानाचे पहिले दोन स्वर ठरतात. भागाकार 1.593. ना दीडपट, ना दुप्पट. नुसत्या पानाचे स्वर एकमेकांशी जुळतच नाहीत. तबल्याला म्हणूनच शाई लागते; सी. व्ही. रामन यांनी 1920 साली यावर लिहिलं होतं.

मी विजयी मुद्रेने चिरंजीवांना उठवून 1.593 दाखवला. त्याने एक डोळा उघडला. "बाबा, पान उतरलं की आम्ही दोरी आवळतो," म्हणाला, आणि कूस बदलली.