विंडोज १० चा आधार संपला म्हणून मॅक घ्यावा का? फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून मुद्रणालये, करसल्लागार, छोटे दुकानदार आणि शिक्षक यांच्यात एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा की, विंडोज १० चा संगणक आता निकामी झाला असून दुसरा विंडोज संगणक घेण्यापेक्षा ॲपलचा मॅक घ्यावा. मॅकला व्हायरस लागत नाही, तो दहा वर्षे टिकत असल्याने शेवटी स्वस्तच पडतो, विंडोजवरची सगळी कामे त्यावर होतात आणि मराठी तर त्यावर आपोआप उत्तम चालते. यातले बरेचसे अर्धवट खरे आहे. साठ हजारांपासून लाखापर्यंतची खरेदी अशा अर्धवट माहितीवर होणार असेल, तर एकेक मुद्दा तपासणे भाग आहे.

पहिला मुद्दा निकामी होण्याचा. आधार संपला म्हणजे सुरक्षेच्या मासिक दुरुस्त्या थांबल्या, संगणक थांबला नाही. ही गोष्ट किरकोळ नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात तो दुरुस्त्यांविना वर्षानुवर्षे इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचेच आहे. परंतु घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टनेच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची सोय जाहीर केली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात संगणकाच्या सेटिंग्ज साठवण्यास संमती दिल्यास ती विनामूल्य मिळते, अन्यथा तीस डॉलर भरून घेता येते. कार्यालयांच्या संगणकांसाठीची योजना वेगळी आणि महाग आहे. शिवाय 'हा संगणक विंडोज ११ ला चालत नाही' असा शेरा मिळालेल्या अनेक संगणकांत लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय मुळात असतेच, ती केवळ बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली असते. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल, तर ती सुरू करून विंडोज ११ मोफत घेता येण्याची शक्यता बरीच आहे. खरेदीचा विचार या तपासणीनंतर करावा, आधी नव्हे.

व्हायरसच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या घातक प्रोग्रॅमने सुमारे सहा लाख मॅक संगणकांना ग्रासले होते, आणि २०१६ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा केरेंजर मॅकवरच आला होता. मॅकची अंगभूत सुरक्षा चांगली आहे आणि हल्लेखोरांचे लक्ष आजही विंडोजकडे अधिक असते, हे मान्य करायला हवे. पण बनावट दुवा पाठवून पासवर्ड किंवा ओटीपी काढून घेणाऱ्याला समोर कोणता संगणक आहे याच्याशी कर्तव्य नसते.

दहा वर्षांच्या आयुष्याचा दावा मात्र ॲपलच्या इतिहासाशी ताडून पाहिला पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने इंटेलचा प्रोसेसर सोडून स्वतःच्या एम१ चिपचे मॅक बाजारात आणले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या इंटेलच्या मॅकबुक एअरला २०२५ ची टाहो ही मॅक-ओएस मिळालीच नाही, आणि ज्या मोजक्या इंटेल मॅकना ती मिळाली त्यांच्यासाठीही तीच शेवटची आवृत्ती असल्याचे कंपनीने सांगून टाकले. म्हणजे २०२० मध्ये विकत घेतलेल्या यंत्राला नव्या आवृत्त्या मिळण्याचा काळ पाच वर्षांतच संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यानंतर काही काळ मिळतात, एवढेच. त्याउलट ज्या विंडोज १० च्या नावाने आज ओरड चालली आहे, तिला जुलै २०१५ पासून दहा वर्षे दुरुस्त्या मिळत राहिल्या. आताच्या एम मालिकेच्या चिपचे आयुष्य अधिक असेलही, पण ते गृहीत धरून हिशेब मांडू नये. हिशेबात आणखी एक बाब येते. एम४ चा मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांना आला, तो मॉनिटर, कळफलक आणि माऊस यांच्याविना. त्याची मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे पुढच्या पाच-सात वर्षांची गरज खरेदीच्या दिवशीच ओळखून तिचे पैसे मोजावे लागतात.

आता सगळी कामे होण्याविषयी. टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे. एक्सेल मॅकवर आहे, पण त्यातले मोठ्या आकडेवारीच्या विश्लेषणाचे पॉवर पिव्हट नाही, आणि मायक्रोसॉफ्टचे माहितीसाठ्याचे ॲक्सेस तर मॅकसाठी आलेच नाही. यावर संदेशाचे उत्तर तयार असते, की मॅकमध्येच विंडोज चालवावे. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प या ॲपलच्या सोयीने ते खरोखर शक्य होते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प नाही. आज मॅकच्या आत दुसरी प्रणाली चालवणाऱ्या पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमधून विंडोज ११ ची जी आवृत्ती चालते, ती इंटेलहून वेगळ्या रचनेच्या एआरएम प्रकारच्या चिपसाठीची आहे, आणि ॲपलची चिप याच प्रकारची आहे. तिच्यावर इंटेलसाठी लिहिलेली सर्वसाधारण सॉफ्टवेअर भाषांतराच्या मार्गाने बहुधा चालतात, परंतु ड्रायव्हरचे तसे नसते. ड्रायव्हर म्हणजे जोडलेले उपकरण चालवणारा प्रोग्रॅम; तो प्रणालीच्या गाभ्यात काम करतो, आणि तो एआरएमसाठी मुद्दाम बनवलेला नसेल तर चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारे डोंगल, जुना लेबल प्रिंटर, पावतीचे यंत्र ही सगळी मंडळी याच ठिकाणी अडतात. टोकन ओळखले गेले नाही म्हणून विवरणपत्र मुदतीच्या शेवटच्या दिवशी अडकले, तर मॅकची देखणी बांधणी उपयोगाला येत नाही. शिवाय पॅरलल्सची वार्षिक वर्गणी आणि विंडोजचा परवाना हे खर्च वेगळेच. ते मिळवले की 'शेवटी स्वस्त' हा दावा आणखी लंगडा पडतो. म्हणून टोकन आणि प्रिंटर यांच्या विक्रेत्यांकडून मॅकच्या नेमक्या आवृत्तीचे नाव घेऊन लेखी उत्तर मागावे. 'चालायला हरकत नाही' हे उत्तर नव्हे.

सर्वांत जास्त गैरसमज मराठीविषयी आहे. युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतातले मराठी मॅक, विंडोज आणि लिनक्स या तिन्हींवर नीट दिसते, आणि इनस्क्रिप्ट कळफलकही तिन्हीकडे मिळतो. तेवढ्यापुरता संदेश खरा आहे, पण त्यात मॅकचे वेगळे श्रेय काही नाही. आपल्याकडच्या मुद्रणालयांत, दैनिकांत आणि सहकारी संस्थांत पडून असलेला मजकूर मात्र मोठ्या प्रमाणावर युनिकोडच्या आधीचा आहे. श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकार बसवलेले असल्यामुळे तो पडद्यावर आणि कागदावर तेवढा मराठी दिसतो. तो फाँट नसला की तिथे निव्वळ गिचमिड उरते. फाँटची फाइल मॅकवर नेऊन वाचण्यापुरते काम काही वेळा भागते, पण टंकलेखनासाठी लागणारे सॉफ्टवेअर सोबत येत नाही. जुन्या टंकलेखन यंत्राच्या धाटणीच्या रेमिंग्टन कळफलकावर वीस-पंचवीस वर्षे हात बसलेल्या टंकलेखकाला मॅकवर तशीच तयार सोय मिळेल असेही धरून चालू नये.

पेजमेकरची कथा तर विचित्रच आहे. १९८५ मध्ये छपाईची पाने मांडण्याचे हे सॉफ्टवेअर सर्वप्रथम मॅकसाठीच आले होते, आणि डीटीपीचा उगमच तिथला. तरीही २००१ च्या पेजमेकर ७ मध्ये मांडलेली मराठी पुस्तके आजच्या मॅकवर जशीच्या तशी उघडायला सरळ मार्ग नाही, कारण पाने मांडण्याचे सध्याचे सॉफ्टवेअर इनडिझाइन त्या फायली थेट घेत नाही. ज्या प्रकाशकाच्या जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या अजून निघतात, त्याचा खरा ठेवा या फायलींत अडकलेला आहे.

त्यामुळे आधी यंत्र नव्हे, मजकूर हलवावा, आणि तो जुने फाँट, जुनी सॉफ्टवेअर आणि डोंगल जिथे अजून चालू आहेत त्याच संगणकावरून हलवावा. प्रत्येक पुस्तकाची छपाईयोग्य पीडीएफ काढून ठेवावी, मजकूर फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा, आणि मग तो माणसाने ओळीगणिक वाचावा. रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य' सारखी जोडाक्षरे परिवर्तनात हमखास बिघडतात, आणि शब्द दिसायला जवळपास बरोबर असल्याने नजर त्यांवरून घसरते. हे काम काही महिन्यांचे आहे, आणि वाढीव दुरुस्त्यांची मुदत नेमकी त्यासाठी वापरता येते. ते उरकल्यावर कामांच्या यादीत टॅली, टोकन आणि जुना प्रिंटर उरले असतील, तर विंडोज ११ चा संगणक घेणेच सोयीचे. फक्त ब्राउझर, इनडिझाइन आणि युनिकोड मजकूर उरला असेल, तर मॅक खुशाल घ्यावा. जुना संगणक मात्र निदान एक आर्थिक वर्ष पूर्ण होईपर्यंत इंटरनेटपासून तोडून, पण चालू स्थितीत ठेवावा.