घर म्हणून विकायचंय, प्लॉट म्हणून नाही

सावंतवाडीतलं आमचं घर विकायला काढलंय हे आता बहुतेक ओळखीच्यांना कळलंय. तेव्हापासून फोन येतात, मेसेज येतात, आणि सल्ला जवळपास एकच असतो. "पाडून टाका गं. मोकळा प्लॉट पटकन जातो. जुन्या घराला कोण विचारतंय?" जरा मवाळ मंडळी म्हणतात, "पाडू नका, पण तो निळा-पिवळा रंग तरी काढा. ऑफव्हाइट मारा, फोटोत बरं दिसेल." आम्ही भावंडांनी बसून ठरवलंय की यातलं काहीही करायचं नाही. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. शिवाय हा प्रश्न आमच्या एकट्यांचा नाही. वेंगुर्ला, कुडाळ, मालवण, कुठेही जा, बंद घराच्या गडग्यावर 'विकणे आहे' लिहिलेलं दिसतंच.

घर लहान आहे. पुढे ओटी, मग माजघर, बाजूला दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि न्हाणीघर. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, खाली लाल कोबा. बाहेरच्या भिंती निळ्या, दारं पिवळी, खिडक्या हिरव्या, ओटीचे खांब लाल. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे भडक वाटतं. चितारआळीतून शाळेत जाता-येता लाकडी फळं आणि भातुकली बघत वाढलेल्या आम्हाला पिवळं दार भडक वाटत नाही. बाबांनी हे रंग विचार करून निवडले होते. दर चतुर्थीआधी घर रंगायचं, आणि कोणत्या दाराला कोणता रंग यावर आईबाबांची चर्चा श्रावणातच सुरू व्हायची.

माजघरातली गणपतीची भिंत तर वेगळीच. आमच्याकडे गणपतीमागची भिंत चित्रांनी रंगवतात हे कोकणातल्यांना सांगायला नको. आमच्या भिंतीवर दोन बाजूंना मोर आहेत, वर कमान आहे, कमानीला द्राक्षांचे घोस आहेत. (सावंतवाडीत द्राक्षं कुठून आली हे चित्र काढणाऱ्यालाच माहीत!) डावीकडच्या मोराच्या पिसाऱ्यात बारकाईने पाहिलं तर जुन्या वर्षांचे थर दिसतात. हिरव्याखाली मोरपंखी, त्याखाली चुन्याचा पांढरा. माटवी (गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट) बांधायचे खिळे अजून तसेच आहेत. ही भिंत ऑफव्हाइट करा म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, पण ऐकणारही नाही.

आता भावना बाजूला ठेवून बोलते, कारण विक्रीचा प्रश्न पैशांचा आहे आणि पैशांच्या हिशोबातही हा सल्ला चुकीचाच ठरतो.

रंगाचंच घ्या. आमच्या बाहेरच्या भिंतींना चुना आहे, नीळ घातलेला. चिरा सच्छिद्र दगड. चार महिने पाऊस लागला की तो पाणी पितो आणि नंतर हळूहळू सोडतो. चुन्यातून ते पाणी बाहेर पडायला वाट मिळते. त्यावर प्लास्टिक पेंट मारला की वाट बंद, आणि पुढच्याच पावसाळ्यात भिंतीला फोड येतात, पोपडे सुटतात. शेजारच्या आळीत एका घराला विक्रीसाठी असाच फिकट गुलाबी रंग मारला होता. गिऱ्हाईक येईपर्यंत भिंती डागाळल्या आणि बघायला येणारा पहिला प्रश्न विचारू लागला, "ओल आहे का?" रंगाचे पैसे गेले आणि घराचं नावही खराब झालं. समोरच्या काकी मला म्हणाल्या, "रंग काढू नुको गो, तुमचा घर लांबसून वळाखता येता." काकींचं म्हणणं मला कुठल्याही एजंटच्या सल्ल्यापेक्षा पटतं.

मग 'पाडा' या सल्ल्याकडे येऊ. मोकळा प्लॉट पटकन जातो हे मोठ्या प्लॉटच्या बाबतीत खरं असेल. आमची जागा लहान, आळीत, रस्ता अरुंद. जुनं घर हद्दीला लागून उभं आहे. आज तिथे नवं बांधायचं तर नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते. म्हणजे घेणाऱ्याला आज जेवढं घर उभं मिळतंय तेवढ्या मापाचं तळमजल्यावर बांधता येणार नाही. पाडायचा खर्च आमचा, चिरा आणि सागवान मातीमोल भावात उचलून नेणार कंत्राटदार, आणि उरलेला तुकडा बिल्डरच्या उपयोगाचा नाही. अशा जागेवर उभं घर हीच तिची किंमत आहे.

तरी घर का जात नाही? बाजार थंड आहे म्हणून, असं सगळे म्हणतात. थंड आहेच. पोरं गोव्यात नोकरीला, नाहीतर मुंबई-पुण्यात. सेकंड होम घेणाऱ्याला समुद्र हवा असतो, तो शिरोडा-वेंगुर्ल्याकडे वळतो. सावंतवाडीत मोती तलाव आहे, समुद्र नाही. पण बाजार थंड असण्याचं एक कारण आपण, विकणारे, आहोत. 2021 च्या ऑक्टोबरात चिपी विमानतळ सुरू झाला, 2023 च्या जानेवारीत गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली, आणि प्रत्येकाने आपल्या घराचा आकडा मनातल्या मनात दुप्पट केला. विमानतळ आले, पण आमच्या आळीतलं घर घ्यायला विमानाने कोणी उतरलेलं नाही. असलं घर खरंच राहण्यासाठी घेणारा माणूस इथलाच आहे. शाळेत नोकरी करणारा, दवाखान्यात काम करणारी, एसटीतला, छोटं दुकान असलेला. त्याला कर्ज लागतं. आणि कर्जाच्या पायरीवरच बहुतेक सौदे मोडतात.

हे कसं होतं ते आकड्यांत सांगते, आकडे उदाहरणादाखल. मालक म्हणतो 34 लाख. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) येतो, घराचं वय बघतो, मंजूर नकाशा मागतो (जुन्या घरांना तो क्वचितच असतो), बांधकामाचा घसारा, म्हणजे वयापोटी घटलेली किंमत, वजा करतो आणि 26 लाख लिहितो. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, पण ते या 26 वर. म्हणजे 23 लाख 40 हजार. उरलेले 10 लाख 60 हजार घेणाऱ्याने, समजा एखाद्या शिक्षिकेने, स्वतः उभे करायचे, वर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील. ती कुठून आणणार? तेच घर 30 लाखांना काढलं तर तिला साडेसहा लाखांच्या आसपास लागतात. ते दागिने, पीएफ, सासर-माहेर मिळून जमू शकतात. आम्ही किंमत ठरवताना शेजारच्याने काय मागितलं ते पाहिलं नाही. ओळखीच्या व्हॅल्युअरकडून आधीच मूल्यांकन करून घेतलं आणि त्याच्या जवळपास राहिलो. यात आम्ही पैसे सोडले असं मला वाटत नाही. जे पैसे कोणी देणारच नव्हतं ते सोडणं म्हणजे सोडणं नव्हे.

याच्याच जोडीला एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती दबक्या आवाजात बोलली जाते. "अर्धे चेकने, अर्धे रोख." आम्ही सरळ नाही सांगतो. कायद्याने मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, हे झालंच. पण व्यवहाराच्या बाजूनेही बघा. अर्धी किंमत कागदावर दाखवली की बँक अर्ध्यावरच कर्ज देणार. म्हणजे रोख मागणारा मालक कर्ज काढणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवतो आणि मग ओटीवर बसून बाजार थंड आहे म्हणतो. शिवाय सरकारी मूल्यांकनापेक्षा 10 टक्क्यांहून खाली खरेदीखत केलं तर विकणाऱ्याला आयकर त्या सरकारी आकड्यावर लागतो, आणि घेणाऱ्यालाही मधल्या फरकावर लागतो. रेडी रेकनर, म्हणजे या सरकारी मूल्यांकनाचे दर, 1 एप्रिल 2025 ला पुन्हा वाढला, त्याआधी दोन वर्षं तो वाढवला नव्हता. आपल्या भागातला दर बघितल्याशिवाय किंमत बोलू नका.

कागदांवर मात्र हवा तेवढा वेळ घालवा. बाबा गेल्यावर मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) आमची नावं लागायला किती खेटे घातले ते दादालाच माहीत. ताईचं आणि माझंही नाव आहे, आणि ते असायलाच हवं. कोकणात अजूनही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन त्यांना साडी नेसवून पाठवणारी घरं आहेत, आणि मला त्याचा राग येतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. ज्या घरात बहिणीची सही 'नंतर बघू' म्हणून ठेवलेली असते ते घर विकलं जात नाही, कारण घेणाऱ्याचा वकील 30 वर्षांचा सर्च काढतो, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासतो, आणि तिथेच अडतो. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे हे अजून अनेकांना पटत नाही. सातबाऱ्यावर काका, चुलतकाका, त्यांची मुलं अशी नावांची रांग असेल तर गिऱ्हाईक शोधण्याआधी वाटप करून घ्या.

आणि छप्पर. रंगाला जे पैसे घालणार होतात ते कौलांवर घाला. आम्ही मे महिन्यात कौलं परतून घेतली, फुटलेली बदलली, दोन वासे आणि एका बाजूच्या रिपा नवीन टाकल्या. माकडांनी पन्हळीकडची कौलं उधळली होती, तीही बसवली. वाळवीचं औषध मारलं. बंद घर पाऊस खातो, हे बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात एक कौल सरकतं, त्यातून धार लागते, वासा कुजतो, तो वाकला की बाजूची आणखी कौलं सरकतात, आणि दोन पावसाळ्यांत राहण्याजोगं घर 'पाडण्याजोगं' होऊन बसतं. मग सगळे म्हणतात, बघा, पाडायलाच हवं होतं. म्हणून आम्ही आळीतल्या एका बाईंना दर आठवड्याला दारं-खिडक्या उघडायला, झाडायला आणि ओटीवर दिवा लावायला सांगितलंय, त्याचे पैसे देतो. विक्रीच्या खर्चातला माझ्या मते हा सगळ्यात चांगला खर्च आहे.

गेल्या महिन्यात एक जोडपं आलं होतं. दोघं तिशीतली, ती शिवणकाम करते. एजंटने त्यांना अंगणात उभं करून "जागा किती चांगली आहे" सांगायला सुरुवात केली. ती सरळ आत गेली. स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी उघडून बघितली, पडवीत प्लगपॉइंट कुठे आहे विचारलं, मशीन तिथे बसेल का म्हणून पावलांनी अंतर मोजलं. गणपतीच्या भिंतीपाशी थांबली आणि नवऱ्याला म्हणाली, "हे असंच ठेवूया हां." त्यांचं कर्ज अजून व्हायचंय. बँकेत फाइल आहे, आम्ही सगळ्या कागदांच्या प्रती दिल्यात, आणि साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) पुरेशी मुदत द्यायला तयार आहोत. मिळेल की नाही सांगता येत नाही. मधल्या काळात प्लॉट म्हणून घेतो म्हणणारे एक गृहस्थ थोडे जास्त पैसे सांगून गेले. आम्ही तिघांनी फोनवर बोलून त्यांना नकार कळवला. ताई म्हणाली, "मला पैशांची गरज आहे, तरी नाही." त्यावर कोणालाच पुढे काही विचारावं लागलं नाही.

मंद बाजार म्हणजे संकटच, असं मी मानत नाही. ज्याला उद्या हॉस्पिटलचं बिल भरायचंय त्याच्यासाठी ते संकट आहे, आणि अशा माणसाला मी हा सल्ला देणार नाही. पण ज्यांना थांबता येतं त्यांना मंद बाजार योग्य घेणारा निवडायची संधी देतो. तेजीत कोण येतं ते मी गोव्यात बघितलंय. घर न बघता जागेचं माप विचारणारे.

या जोडप्याचं कर्ज झालं नाही, तर घर पुन्हा विक्रीला असेल. राहण्यासाठी कोणाला हवं असेल तर मेसेज करा. बघायला जुलैत या, भर पावसात, म्हणजे कुठे गळतं, कुठे ओल येते ते तुमचं तुम्हाला दिसेल. मिळकत पत्रिका, वारस नोंद, घरपट्टी, मूल्यांकनाचा अहवाल, सगळं आधी पाठवीन. किंमत थोडीफार कमी-जास्त करू, कर्जाला वेळ लागला तर थांबू. रोख घेणार नाही आणि पाडायला देणार नाही.