खुलासा: दुर्बिणीचा नेम मुंबईच्या दिव्यांमुळे चुकत नाही

‘मुंबईच्या झगमगाटात गो-टू दुर्बिणीचा नेम चुकतोच’ हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. गो-टू म्हणजे निवडलेल्या ताऱ्याकडे मोटरने आपोआप वळणारी दुर्बीण. उजेडात अंधूक तारे दिसत नाहीत, हे खरं. पण बहुतेक गो-टू दुर्बिणी आकाश बघत नाहीत, वेळ आणि ठिकाणावरून हिशेब करतात. घोळ तिथेच होतो. टाइम झोन ५:३० ऐवजी ५ भरला, की अर्ध्या तासाची चूक, म्हणजे ७.५ अंशांपर्यंत फरक. मग भलताच तारा मध्यभागी आणून ‘अलाइन’ (दुर्बिणीला ‘हाच तो तारा’ असं सांगणारं बटण) दाबलं जातं! डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) बंदच हवं; ते आपल्याकडे नाहीच. दादरच्या गच्चीवरून टॉवरांच्या फटीतले दोन शेजारी तारे अलाइन करायला घेऊ नका, लांबलांबचे निवडा. तारा मध्यभागी आणताना शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा, म्हणजे गिअरमधली ढिलाई नडत नाही.