खुलासा: सुरीला पाणी देण्याबाबतचा (म्हणजे पातं तापवून, बुडवून कडक करण्याबाबतचा) माझा जुना मेसेज

"गाडीचा कमानपाटा लालभडक करून थंड पाण्यात बुडवा, सुरी तयार" हा माझाच मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. (कमानपाटा म्हणजे गाडीच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी.) तो चुकीचा आहे. तशी केलेली माझी सुरी शहाबादी फरशीवर पडली आणि काचेसारखी तुटली.

आपण 'पाणी देणं' म्हणतो खरं, पण पाट्याच्या पोलादाला पाण्यात तडे जाऊ शकतात. त्याला कोमट तेल लागतं. नुसत्या रंगावर विसंबू नका, आपल्याकडच्या उन्हात तो नीट कळतच नाही. लोहचुंबक चिकटेनासा झाला (सुमारे ७७० अंश सेल्सियस) की थोडं आणखी तापवून तेलात बुडवा. मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर २ तास ठेवा. हीच पायरी मी लिहिली नव्हती. तोवर पातं ठिसूळ असतं, वाकवून पाहू नका.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर तिथे हा टाका.