‘पाचवीच्या पोरालाही कळतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सारख्या परिमितीच्या आयतांवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “परिमिती सारखी म्हणून क्षेत्रफळ सारखं नसतं, हे पाचवीच्या पोरालाही कळतं. उगाच शेतीच्या गोष्टी घुसडून लेख फुगवलाय. सिद्धता कुठे आहे? एका ठिकाणी तर 7500 फूट लिहिलंय. आणि खरी शेतं आयताकृती असतात कुठे?”

‘चौरस’ हा शब्द राहून गेला होता, ती चूक माझीच. कालच दुरुस्त केली. पण चूक दाखवायला हा सूर लागतो का?

पाचवीच्या पोराला कळतं म्हणता. मी 27 वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. दोऱ्याला गाठ मारायची, दोन्ही हातांचा अंगठा आणि तर्जनी आत घालून आयत ताणायचा, मग तो हळूहळू चपटा करत न्यायचा. दोरा तोच. “आतली जागा तेवढीच राहिली का?” असं विचारलं की दरवर्षी निम्म्याहून जास्त पोरं “हो” म्हणायची. दोरा पार मिटून दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या, की मग वर्ग गप्प व्हायचा. आपण कधी वर्गात उभे राहिला आहात का?

पोरांचं सोडा. आमच्या घरी वाटणी झाली तेव्हा विहिरीजवळचे दोन तुकडे थोरामोठ्यांनी सुंभ फिरवून मोजले. दोन्हींचा घेर 400 फूट भरला, म्हणून वाटे सारखे ठरले. काकांचा तुकडा 100 बाय 100, आमचा 150 बाय 50. मेथीला 25 बाय 10 चे वाफे पाडले तेव्हा काकांकडे 40 निघाले, आमच्याकडे 30. वडील बांधावर उभे राहून पुन्हा पुन्हा वाफे मोजत होते. सुंभ धरणारी सगळी माणसं जाणती होती, कुणाच्या मनात पाप नव्हतं. अडीच हजार चौरस फूट म्हणजे सव्वादोन गुंठ्यांहून जास्त रान गेलं, आणि त्यावरून दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. याला आपण ‘घुसडलेली गोष्ट’ म्हणता!

प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनेही हेच लिहून ठेवलंय. मेगालोपोलिस शहराचा घेर 50 स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप), स्पार्टा शहराचा 48, तरी स्पार्टा दुप्पट मोठं, हे लोकांना पटत नाही म्हणून. ते लोकही पाचवी नापास होते का?

सिद्धता हवी तर एका ओळीची आहे. एक बाजू 100 + क्ष, दुसरी 100 − क्ष. गुणाकार 10000 − क्ष². क्ष 50 घ्या, आमचे अडीच हजार तिथेच गेलेले दिसतील. वाकड्या बांधांच्या शेतांचं म्हणाल, तर लेखाच्या शीर्षकातच ‘आयत’ आहे. शीर्षक तरी वाचायचं होतंत.

आपल्या प्रतिक्रियेतला ‘उगाच’ हा शब्द मात्र आपण मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.