गच्चीवर सोलर, दारात ईव्ही : दुपारचं युनिट रात्री चालणार का?

पुण्यात सोलर आणि इलेक्ट्रिक गाडी दोन्ही असलेली घरं झपाट्याने वाढतायत. या घरांच्या दृष्टीने विजेचा दर किती पैशांनी वाढला यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे: दुपारी गच्चीवर तयार झालेलं युनिट रात्री गाडी चार्ज करताना वळतं होणार की नाही?

३ किलोवॅटची सिस्टीम आपल्याकडे दिवसाला सरासरी १२ युनिट देते. कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, म्हणजे गाडीला पाचेक युनिट. वीज पुरून उरते! पण ऊन असतं तेव्हा गाडी हिंजवडीच्या पार्किंगमध्ये असते. नेट मीटरिंगमुळे हे जमतं. जादा युनिट ग्रिडला जातात, रात्रीच्या वापरातून वजा होतात, उरलेले पुढच्या महिन्यात ओढले जातात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशोब होतो. या गणितावर लोकांनी कर्ज काढलंय. केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान धरूनही बाकीचे पैसे घरचेच.

वेळेनुसार दर मला मनापासून पटतात. दुपारी सौरवीज मुबलक असते. संध्याकाळी ती संपते आणि नेमकी तेव्हाच घराघरांतली मागणी चढते. जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी (म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे) मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ दरात सवलत मिळते, हे चांगलंच झालं. आपणही सातला घरी आल्या आल्या गाडी चार्जिंगला लावू नये, टायमर मध्यरात्रीनंतरचा ठेवावा.

वजावटही वेळेनुसार करायची, दुपारचं युनिट फक्त दुपारच्याच वापरात धरायचं, याला मात्र माझा ठाम विरोध आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळी सोलरवाल्यांना हीच धास्ती होती. पॅनल २५ वर्षं चालतात. ज्यांनी एका नियमावर भरवसा ठेवून पैसे घातले, त्यांना तोच नियम शेवटपर्यंत मिळायला हवा. नव्यांसाठी बदलायचा असेल तर त्यांना पॅनल बसवण्याआधी स्पष्ट सांगा.

‘मग घरी बॅटरी बसवा’ हे उत्तर मला मुळीच पटत नाही. तीस-चाळीस युनिटांची बॅटरी गाडीतच आहे की! ती दुपारी भरता आली पाहिजे, एवढंच. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांनी पार्किंगमध्ये साधे १५ अँपिअरचे पॉइंट दिले तरी आठ तासांत रोजच्या प्रवासाची वीज आरामात भरते. तुमच्या ऑफिसात अशी सोय नसेल तर एचआरला आणि फॅसिलिटीवाल्यांना या आठवड्यात मेल टाका. आणि नियामक आयोग पुढच्या वेळी सूचना-हरकती मागवेल तेव्हा सोलरवाल्या सोसायट्यांनी एकत्र येऊन लेखी म्हणणं द्यावं.